साडेपाच तास

इतवारीत, कूलरच्या ओल्या वाऱ्यात
पंकेश डिस्क कापत बसलाय.
“आत्या, जुनं पुरं पुसून टाकू का?”
नको बे. लग्नपत्रिकांचे फॉन्ट त्यातच चालतात.
हेडाऊ, पराते, धकाते, साऱ्यांची लग्नं आहेत त्यात,
आणि ह्यांच्या हातून अर्धं राहिलेलं एक बारसं.

मग वाटणीच.
भिंत नाही, पडद्यावर नुसती निळी पट्टी,
माऊसनं तो ती इंच-इंच सरकवतो.
लाइन गेली तर दोन्ही घरं जातील.

गेली नाही.

आता सुरू केलं की काळा पडदा, दोन ओळी,
दहा सेकंद. कुठं जायचं ते ठरवा.

नव्यात दुपारचे साडेबारा,
बाहेर सत्तेचाळीस, रस्त्यावर कुत्रंही नाही.
जुन्यात शिरले तर घड्याळ म्हणतं
सकाळचे सात.

“साडेपाच तासांचा घोळ आहे, आत्या.
एक ओळ टाकली का जुळून जाते.”

राहू दे, म्हटलं, आजच्या दिवस.
सातला हे तर्री-पोहे बांधून आणायचे,
तर्रीची पिशवी दातानं सोडायचे,
कीबोर्डवर.

‘श’ची कळ अजून चिकटते.