तिसरा वाफा

कुमुद वास्कोला लेकीकडे, गुडघ्याचं ऑपरेशन,
आणि अबोलीचे तीन वाफे माझ्या हवाली.
"पाणी संध्याकाळचं. आणि लव्हाळ्याला औषध नको,"
एवढंच सांगून ती गाडीत बसली.

चाळीस वर्षं मी पाट्या रंगवल्या,
बेतूलच्या ट्रॉलरांवर नावं काढली.
हात स्थिर. म्हटलं, गवतच तर आहे.

पहिल्या वाफ्यात उपटलं.
पात हातात आली, गाठ खाली राहिली,
चौथ्या दिवशी एकीच्या जागी तीन,
तकतकीत, जणू मीच बोलावणं धाडलं होतं.
कुंपणापलीकडून आंतोनेता म्हणाली,
"पाळां काड, पानां न्हय."
मग खुरपं टाकून पारय घेतली.
वीतभर खाली एक गाठ, तिला केसासारखा दोर,
दोराच्या टोकाला दुसरी, पुढं तिसरी.
जमिनीखाली कोणी माळ ओवत बसलेलं,
कुमुदपेक्षाही न बोलता.

दुसऱ्या वाफ्यात झाडांभोवती
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला,
त्यावर सुकी झावळं, त्यावर चिरे.
"ही बाजू वर" असं जिथं छापलं होतं
बरोबर तिथून आठवड्यानं एक पात वर आली.

तिसऱ्याची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.
फोंड्याला खांडेपारकराच्या दुकानात
बाटली मागताना आवाज आपोआप खाली गेला.
आमच्याकडे दारू मागतानाही कुणी इतकं हळू बोलत नाही.
"वारा नसताना मारा," तो म्हणाला,
"हातमोजे घाला. त्याला फुलझाड ओळखू येत नाही."

फवारलं नाही मी. शपथ.
सात नंबरचा ब्रश काढला,
ज्यानं 'दर्यालक्ष्मी'ची वेलांटी ओढली होती,
आणि एकेका पातीवर औषध ओढलं,
मधल्या शिरेवरून टोकापर्यंत.
इतकं सुबक काम पैसे घेऊनही
क्वचितच केलं असेल.

बारा दिवसांत पाती पिवळ्या, मग तपकिरी.
आणि कडेच्या एका अबोलीची नवी पालवी
आखडून, दोऱ्यासारखी बारीक फुटली.
थेंब गेला होता. कधी, ते हाताला कळलं नाही.
ते झाड मी रात्री उपटलं, केळीमागं पुरलं.
ब्रशही.

दिवाळीला आठ दिवस असताना कुमुद आली, काठी टेकत.
पहिल्या वाफ्यातल्या गाठी सुपात पडून होत्या,
टाकायच्या राहिलेल्या.
तिनं एक नखानं फोडली, हुंगली.
"उटण्याला होतील. नागरमोथा बाजारात
काय भावानं मिळतो, ठाऊक आहे?"
ठाऊक नव्हतं. हेही नव्हतं, की दर वर्षी
नरकासुर जळल्यावर, पहाटेच्या थंडीत,
ती माझ्या पाठीला हाच चोळत आली.

मग ती तिसऱ्या वाफ्यापाशी थांबली.
तण नाही. एक झाड कमी.
बराच वेळ काठीचं टोक त्या मोकळ्या जागेवर.
"ह्यातल्या गाठी सुपात नाही ना घातल्यात?"
"नाही."
"बरं," म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

आता दर दुसऱ्या रविवारी बसतो दोघं,
ती स्टुलावर, मी उकिडवा.
कोवळी असतानाच काढायची, नवी गाठ धरण्याआधी.
किती वर्षं, ते आंतोनेतालाही माहीत नाही.

काल त्या मोकळ्या जागी एक पात दिसली.
मी पाहिली. तिनंही.
खुरपं तिच्याजवळ होतं.
तिनं ते पायानं माझ्याकडे सरकवलं.