पानाला वीस रुपये

हायकोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याला लागून
माझं टेबल. एक कॉम्प्युटर, एक लांब बाकडं,
वर तीन भोकांची ताडपत्री.
सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचं म्हणणं टाइप करते.

रंजना गायसमुद्रे मानखुर्दहून आल्या
तेव्हा वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं:
बोलतील तसं ऐक, कोर्टाला लागेल तसं लिही.

त्या म्हणाल्या, आमच्या पोरांना मागच्या फाटकातून घेतात,
जिथनं कचऱ्याची गाडी निघते.
मी लिहिलं: स्वतंत्र प्रवेशद्वार.

म्हणाल्या, यांच्या गळ्यात पिवळी फीत, बाकीच्यांच्या निळी.
लांबून कळावं म्हणून.

म्हणाल्या, वह्या तपासतच नाहीत हो.
माझ्या सम्यकनं मुद्दाम एका पानाच्या मधोमध
'टीचर, मी इथे आहे' असं लिहून ठेवलं.
तीन महिने झाले.
लाल पेन त्या पानापर्यंत पोचलं नाही.

इथे माझी बोटं अडली.
मग लिहिलं: शैक्षणिक दुर्लक्ष. सोबत परिशिष्ट ग.

शाळेचं उत्तर आलं एकशे बारा पानी, जाड कागदावर.
'प्रशासकीय सोय' मी मोजलं, एकोणीस वेळा.
तुकडी ड दुपारी भरते, कारण सोय.
तुकडी ड स्नेहसंमेलनात नसते, कारण सोय.
माझ्या आईला गावच्या शाळेत पायरीवर बसवायचे.
तेव्हा कुणी सोय म्हणत नव्हतं.
सरळ म्हणायचे, विटाळ.
तीन अक्षरं. टाइप करायलाही सोपा शब्द.

अकरा जणांच्या सह्या होत्या अर्जावर.
अन्सारी मुंब्र्याला राहायला गेले.
वाल्मिकींनी नाव मागे घेतलं;
त्या ज्यांच्याकडे स्वयंपाक करतात
त्यांची मुलगी त्याच शाळेत, निळ्या फितीत.
उरले चार.

तारखेला बेंच बसलं नाही.
पुढच्या तारखेलाही बसलं नाही.
रंजनाबाई फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होत्या,
बेंच बसलंच नाही आज, खाडा फुकट गेला.
माझ्या बाकड्यावर पाय हलवत सम्यकनं विचारलं,
'का? त्यांना पण कोणी बसू देत नाही?'
झेरॉक्सवाला हसला.
मी नाही हसले.

पहिलीत असताना लावलेल्या केसचा निकाल
चौथीच्या दिवाळीनंतर लागला.
एक फाटक. एक फीत. एक तुकडी.
रंजनाबाईंनी नक्कल लॅमिनेट करायला दिली.
झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, मग कोर्टात चालणार नाही.
'कोर्टात कशाला? घरात लावायचीय. टीव्हीच्या वर.'
त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना
कटिंग पाजला, आणि वर एकेक खारी.

पंधरा दिवसांनी दोघं पुन्हा आली.
सम्यकच्या गळ्यात निळी फीत.
मी विचारलं, काय रे, कसा आहे वर्ग?
'मस्त. आधी एका बाकावर आम्ही चौघं होतो.
लिहिताना कोपर लागायचं.'
आणि आता?
'आता अख्खं बाक माझं.
शेजारी एक मुलगा होता, त्याची मम्मी येऊन गेली.
दुसरं कोणी बसतच नाही.
ऐसपैस.'

तो खुशीत सांगत होता की नाही
मला खरंच कळलं नाही.
माझ्या बाकड्यावर मात्र
तो अगदी कडेला बसला होता,
चौघांपुरती जागा सोडून.

कोर्टाला लागेल तसं हे कसं लिहायचं
मी मनात जुळवून बघत होते.
रंजनाबाईंनी पर्स उघडली.
'पानाला अजून वीसच ना?'