तीन अंश

वार्डोच्या धक्क्यावर, मासळीच्या शेडमध्ये
मांडला टब, बर्फ, मत्स्यालयातला छोटा पंप;
पाणी हलतं राहायला हवं,
नाहीतर हात आपल्याभोवती
गुपचूप ऊब साठवतो.

प्रयोगशाळेत मुलं येतात कॉफीच्या कुपनासाठी,
चाळिसाव्या सेकंदाला शिवी हासडून हात काढतात.

इथं आली ओडवाइग.
एकेचाळीस हिवाळे कॉड चिरलेली.
पिठात घालावा तसा
मनगटापर्यंत हात घातला.
शून्य ते दहा, किती?
शून्य, म्हणाली.
किती?
शून्य. आणि हा पंप केवढ्याला पडला?

तीन मिनिटं झाली. नियमाप्रमाणे
मीच म्हटलं, काढा आता.
स्टॉपवॉच थांबवलं, तक्ता मिटला,
हीटरवर तापलेला टॉवेल पुढे केला.

बोटं त्यात गुंडाळली मात्र,
तिनं तोंड फिरवलं, बोटींकडे.
बराच वेळ.
"आता विचार ना," म्हणाली.

आता विचारायचं असतं
हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"सहा."
नखांखाली लाली चढत होती.
"नाही. सात."

समासात लिहायला गेले,
तिच्या हाताचं पाणी कागदावर ठिबकलेलं,
सातची शाई
पसरत गेली.