फुटाच्या भावाने

चैत्र सरत आला होता, रंग ब्रशावरच वाळायचा.
नगरपालिकेने मला निळी रेघ दिली, फुटाच्या भावाने:
म्हसतळ्याच्या काठाकाठाने, नाल्याच्या दोन्ही अंगांना,
भिंत आली तर भिंतीवर,
नाही तिथे दगडावर.

भिरूड मॅडम तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायच्या,
उखर्डू शिपाई आकड्यांची पट्टी धरून गाळात उभा,
मी नीळ लावलेली दोरी ताणून टणकन सोडायचो.
"अजून दोन बोटं वर, सुपडूभाऊ."
दोन बोटांत काय मावतं ते त्या दिवशी कळलं:
पलीकडच्या काठाचे सतरा प्लॉट
दोन बोटांत मावले.

अमळनेरात कुणी या तळ्याकडे बघितलंच
तर हरवलेली म्हैस शोधायला.
बसस्टँडचं पाणी, सरकी मिलचं पाणी, तीन पेठांच्या गटारी,
सगळं उताराने याच्या पोटात,
आणि पोट भरलं की नाल्याने बोरी नदीत.
वरची टेकडी मुरमासाठी पोखरली
तेव्हापासून पाणी एकटं येत नाही, माती घेऊन येतं.
जिथे म्हशीची फक्त शिंगं दिसायची
तिथे आता बगळा उभा राहतो
आणि त्याचे गुडघे कोरडे.

नियम मॅडमनी मला वाचून दाखवले,
पाटीवर मलाच लिहायचे होते.
रेघेच्या आत पाया खणू नये. भराव टाकू नये.
नाला वळवू नये, झाकू नये, पाइपात घालू नये.
छताचं पाणी आपल्या आवारात मुरवावं.
तळ्यात काही धुवू नये.
आणि खाली, वीतभर अक्षरात:
तलाव जपा.

गिरणीवाली कोकिळाबाई पदराने पीठ झटकत हसली,
"आमनामा जपा म्हंजे झोपा.
तळाले जपाडी राहिनात का?"
मॅडम रावेरच्या, त्यांना उशिरा कळलं.
मला 'ज' काढतानाच कळलं होतं.
हात थांबला नाही.

रेघ तिच्या गिरणीतूनच गेली, मोटारीच्या पट्ट्यावरून.
"इतलं?"
"पंचवीस वर्षांत एकदा," मॅडम म्हणाल्या.
पिठाच्या बोटांवर तिने काहीतरी मोजलं,
मधल्या बोटाशी अडली,
बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी मोटार चार विटा वर चढलेली.

आता माझंही सांगतो.
'लेक व्ह्यू पार्क'ची पाटी माझीच, दोन वर्षांपूर्वीची.
मी पाण्यात म्हशी काढल्या होत्या.
मालक म्हणाले, काढ त्या.
काढल्या.
त्यांच्या जागी दोन राजहंस, चोच केशरी,
जोडीचे सहाशे जास्त.

त्याच पार्कच्या कुंपणावर रेघ माझ्या छातीला लागली.
कुंपणाच्या आत एक ओढा होता, मी त्यात खेकडे धरलेत.
त्याच्यावर आता घसरगुंडी आहे.

रात्री सुपरवायझर भावलाल आला, गाडी चालूच ठेवून.
"आमच्या भिंतीपुरता चुना मार.
रविवारी गिऱ्हाइकं यायची. फुटाला दुप्पट."
घेतले. खोटं कशाला बोलू.

मोबाइलच्या उजेडात एक हात मारला.
भिंत पांढरी, छाती पांढरी,
तळ्यावर कुत्री भुंकत होती.
"धरेल ना?"

ऑइलपेंटवर चुना धरत नाही.
ओल लागली की पापुद्रे सुटतात,
खालचा रंग जसाच्या तसा वर.
हे माझ्या नववीतल्या पोरालाही ठाऊक.
"वाळू द्या, मग बघा," म्हणालो,
आणि पैसे मोजले.

ब्रश धुवायला पाय सवयीने तळ्याकडे वळले.
मग पाटी दिसली,
अंधारातही ओळखू आलं, अक्षर माझंच.
ब्रश तसाच कागदात गुंडाळून
घरी नेला.