करंगळी

तुर्भे नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानामागे
माझं टेबल, कॅमेरा आणि काचेचं ते यंत्र.
त्याच्यावर बोट टेकल्याशिवाय
माणूस जिवंत आहे हे सरकारला कळत नाही.

दर नोव्हेंबरात सिस्टर आन्सिल्मा येतात.
मागे खाणीवरच्या सात-आठ म्हाताऱ्या,
निराधारच्या पैशांसाठी हयातीचा दाखला हवा असलेल्या.
सिस्टर भिंतीला टेकून उभ्या, हातात छत्री, ऊन असो नसो,
कुणाचं पासबुक कुणाच्या पिशवीत गेलंय
ते न बघता सांगतात.

यंदा म्हणाल्या, "आधी माझं बघ गं.
बँकेनं मला मेलेली धरलंय."

नाव विचारलं.
"कुठलं सांगू?"
बाप्तिस्म्याच्या वहीत रेजिना.
शाळेच्या दाखल्यावर राजीना पास्कू तुस्कानो,
मुक्काम गिरीज, तालुका वसई, जिल्हा तेव्हा ठाणेच.
व्रत घेतलं त्या दिवसापासून आन्सिल्मा.
आणि खाणीवर, इतकी वर्षं, नुसतं "शिष्टर".
माझ्या फॉर्मात नावाला एकच रकाना.

अंगठा ठेवा, म्हटलं.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणालं यंत्र.
ओला रुमाल झाला, व्हॅसलीन झालं,
शेवटी मीच त्यांचा अंगठा दाबून धरला.
पुन्हा प्रयत्न करा.
तर्जनी. मधलं बोट.
पडद्यावर नुसता पांढरा धूर,
एक रेघ उमटेल तर शपथ.

एकतीस वर्षं दवाखान्याच्या पट्ट्या उकळल्या.
धुण्याचा सोडा, फिनेल, ब्लीचिंग पावडर.
हातमोजे यायचे ते बाळंतपणासाठी राखून ठेवलेले.
हे त्यांनी नाही सांगितलं.
यल्लव्वा धोत्रे बोलली, रांगेतून,
स्वतःचे तळवे पुढे करत:
"माझी सुतकीनं खाल्ली, हिची सोड्यानं."
मग दोघींनी हात शेजारी शेजारी धरले
आणि बाजारात वांगी निरखावीत
तसे निरखत बसल्या.

डोळे घ्यावेत तर दोन्हींत मोतीबिंदू.
रांग दारापर्यंत गेलेली,
माझा डबा तसाच.
सिस्टर आपल्याच बोटांकडे बघत म्हणाल्या,
"पहाटे तीनला उठून मोगरा ओवायचो आम्ही.
आई म्हणायची, हिची बोटं बारीक, सुई हिला द्या.
तेव्हा ठसे असतील बघ.
तेव्हा कोणी मागितले नाहीत."

उजवा हात संपला.
डाव्याची चार बोटं संपली.
उरलेलं पाचवं मी नुसतं टेकवलं, आशा न धरता,
आणि काच हिरवी झाली.

डावी करंगळी!
त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.
"जिनं काडीचं काम केलं नाही,
नेमकी तीच साक्षीला आली."
"काम कसं नाही?" यल्लव्वा म्हणाली,
"तुझ्या बालवाडीत काय चालायचं मग?"

पत्र्याखालची बालवाडी, खाणीच्या कडेला.
सुरुंगाचा भोंगा झाला की शिकवणं थांबायचं,
तिथली पोरं एकदम गप्प,
आणि स्फोट विरला की सगळीच्या सगळी
करंगळी वर करून उभी: शिष्टर, जाऊ?
माझा भाऊ त्यातच होता.
सांगतो, त्या बोलायच्या नाहीत,
कानात गुंई चालू असायची सगळ्यांच्याच,
त्याही करंगळीच वर करायच्या: जा.

पावती छापून दिली. त्यांनी ती न वाचता
छत्रीच्या घडीत खोचली.
गेल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढली,
यल्लव्वाला बसवलं, तिचा हात हातात घेतला:
"अंगठ्याचं नाव काढू नकोस. करंगळी दे."

काचेखाली तांबडा दिवा सरकत गेला.
आम्ही तिघी वाकून.

पुन्हा प्रयत्न करा.

"करू," सिस्टर यंत्राला म्हणाल्या,
आणि पदराच्या टोकानं
तिचं दुसरं बोट पुसायला घेतलं.