समास

कुताइसीत, बसस्टँडच्या मागे,
झेरॉक्सच्या दुकानात
त्सियाला निधनाचे कागद जुळवते.
शिकली कुठेच नाही.
आधी सगळं ठासून भरायची:
काळी चौकट, द्राक्षवेल,
तीन तऱ्हेची अक्षरं.
पूर्ण पानाचे पैसे मोजतात लोक!

मग बाद्रीचा बाप आला.
दोनच ओळी. पोर सात वर्षांचं.
तिनं अक्षरं मोठी केली,
पान भरेना.
आणखी मोठी केली, तर ती
ओरडायला लागली.
"हळू," बाप म्हणाला, "जरा हळू."

तेव्हा नाव लहान केलं,
थोडं वर सरकवलं,
खालचा कागद
तसाच राहू दिला.

हल्ली भिंतीवर
तिच्या कागदाशेजारी
बोटभर जागा सोडून लावतात लोक
दुसरे कागद.
की तिलाच तसं वाटतं.