एक्क्याण्णव टक्के

आठवी ब. बारा संगणक, त्यांतले सात चालू.
फळ्यावर मी लिहिलं: यंत्र पाहायला कसं शिकतं?
मग मुलांना शहरात पाठवलं, घरचे फोन घेऊन.
दोनशे फोटो स्वच्छ, दोनशे अस्वच्छ.
फरक समजावला नाही.
इंदूरच्या मुलांना तो शिकवावा लागत नाही.

फोटो आले.
सकाळचा राजवाडा, नुकता धुतल्यासारखा,
रामबागेत कुणाच्या मावशीची रांगोळी.
दुसऱ्या ढिगात
रात्री अडीचचा सराफा, द्रोण, काड्या, चिकट फरशी,
कान्हचा काठ,
पिवळ्या गाडीचं उघडं तोंड.

चार मिनिटांत शिकलं यंत्र. टाळ्या.
मग जो तो त्याला आपला चेहरा दाखवू लागला.
जुनेद स्वच्छ. मृण्मयी स्वच्छ.
नाकापर्यंत शाई माखलेला विराज,
तोसुद्धा स्वच्छ! हसून हसून बाक हलले.

संध्या करोसियाने आईचा फोटो लावला.
कामावर निघतानाचा. केस ओले, ठसठशीत टिकली,
अंगात नारिंगी जॅकेट, इस्त्रीचं.

अस्वच्छ. एक्क्याण्णव टक्के.

पंख्याचा आवाज एकदम ऐकू येऊ लागला.
मी म्हणालो, "अगं, मशीनच ते, त्याला काय कळतंय."
संध्या म्हणाली, "मग सांगितलं कुणी त्याला?"

आम्ही ढीग पुन्हा उपसला, एकेक फोटो.
जिथे कचरा तिथे नारिंगी जॅकेट,
वाकलेलं, पाठमोरं, कडेला अर्धं कापलं गेलेलं.
स्वच्छ ढिगात एकही नाही.
रस्ता झाडून ती माणसं निघून जातात,
आपण त्यानंतर उठतो.

यंत्राच्या मनात काही नव्हतं. मनच नव्हतं.
कशाच्या शेजारी काय दिसतं, एवढंच मोजलं त्याने.
"पण सर, आपण तर नुसते फोटो काढले," जुनेद म्हणाला.
मी फळा पुसत राहिलो, पुसून झाल्यावरही.

सोमवारी मुलं पहाटे पाचला उठली.
साठ नवे फोटो:
चहा पिणारं जॅकेट, झाडलेल्या चौकात उभं जॅकेट,
लेकीची वेणी घालणारं.
यंत्राला पुन्हा बसवलं शिकायला.
संध्याने तोच फोटो लावला.

स्वच्छ. त्रेपन्न टक्के.

या खेपेला टाळी नाही.
तिने बोटांवर वजाबाकी केली.
"उरलेले सत्तेचाळीस कुठे राहतात, सर?"

मला आमच्या मागच्या खिडकीतला पेला आठवला,
स्टीलचा, वेगळा ठेवलेला.
कुणासाठी,
ते आमच्या घरी कुणाला शिकवावं लागलं नाही.